सात मजली चादर

प्रिय ढब्बू,

पाकीट उलटसुलट करून बघशील आणि म्हणशील, आईचा फोन बिघडला की डोकं? दोन्ही जागेवर आहेत. काल तू भिंतीचे फोटो मागितलेस आणि मी म्हटलं, मोबाइलमध्ये जागा नाही, म्हणून काढलेच नाहीत. ती शुद्ध थाप होती. फोटो ढिगानं आहेत, पाठवायची हिंमत नाही. आणि फोनवर मी जी सारखी "बरं, बाकी काय?" करत होते ना, ते दुसरं काही बोलायची भीती वाटत होती म्हणून. शनिवारी तू येणार, रविवारी उद्घाटन. स्टँडवरून रिक्षा वळली की आधी ती भिंतच समोर येते, घर मागाहून. त्याआधी तुला एक गोष्ट कळायला हवी, आणि ती माझ्याकडून. एकटी असशील तेव्हा वाच. जावईबापू आसपास असतील तर त्यांना चहा करायला पाठव. ते आलं किसत बसले की तुला पुरेसा वेळ मिळेल.

तुला बरंचसं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगते, कारण एकदम मुद्द्यावर यायला माझी जीभ रेटत नाही. वाचनालयातल्या प्रदर्शनात माझी शाईच्या चित्रांची कार्डं लावली तेव्हा मला वाटलं होतं, चार शेजारणी येतील, वा वा करतील, सरबत पिऊन जातील. तिथे ती गॉगलबाई उगवली. डोळ्यांवर गॉगल कधीच नाही, कायम डोक्यावर. नगरपालिकेनं म्हणे ठरवलंय की गावातल्याच एका कलाकाराचं काम मोठ्या भिंतीवर उतरवायचं, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असं, आणि ते काम तिच्याकडे. तिनं खिशातून भिंग काढलं आणि माझं एकेक कार्ड डोळ्याला लावून बघितलं. बाबांच्या दुकानासाठी कॉलर नि बाह्यांची चित्रं काढता काढता मी या नादाला लागले, हे तिला सांगितलं तर तिनं ते लगेच टिपून घेतलं. मी आपली लाजून पदराशी खेळत उभी. शेवटी तिनं एका कार्डावर बोट ठेवलं. चादरीचं.

तेच कार्ड. गच्चीवरून चादर झटकणारी बाई, तिच्या हातून सुटून मजल्यांमागून मजले खाली लोंबणारी चादर, आणि खिडकीत बसून तिच्याकडे तुच्छतेनं बघणारं मांजर. तळहाताएवढं सगळं. ते काढलं त्या दुपारी तूही होतीस, कापायच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, पाय खुर्चीवर घेऊन. मांजराचं तोंड आपल्या घरमालकासारखं झालंय म्हणून आपण दोघी किती हसलो होतो. गॉगलबाईला घरमालक माहीत नाही, तिला मांजरात एकटेपणा दिसला. दिसू दे बापडीला. मी होकार दिला, घरी येऊन तुला फोन केला, आणि तू इतक्या मोठ्यानं ओरडलीस की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

भिंत कुठली, तर टेलिफोन ऑफिसची मागची. सात मजले आणि एकही खिडकी नाही. आधी मला वाटलं, माणसं चित्र बघून बघून रंगवतात. तसं नसतं. गोदामात अंधार करून माझं कार्ड यंत्राच्या उजेडानं मोठं करून तिथल्या भिंतीवर पाडलं. तिथे कागदाचे मोठाले ताव चिकटवले होते. त्यांच्यावर पेन्सिलीनं रेघा गिरवल्या. मग प्रत्येक रेघेवरून दातेरी चाक फिरवून बारीक भोकं पाडली. ते चाक बघून मला गंमत वाटली, कारण अगदी तसलंच बाबांच्या डब्यात आहे, कापडावर खुणा उतरवायचं. भोकं पडली की तो ताव नेऊन खऱ्या भिंतीवर लावायचा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्याच्यावर थापटायची. कागद काढला की भिंतीवर ठिपक्यांची रेघ उमटते. हे सगळं उस्तादांच्या देखरेखीखाली. उस्ताद म्हणजे रंगाऱ्यांचे म्होरके. उंचीला माझ्या खांद्याएवढे, पण दोरांवर लोंबणाऱ्या पाळण्यात उभे राहून सातव्या मजल्यावर बडीशेप चघळत काम करतात. मी खाली उभ्या उभ्याच डोळे मिटून घ्यायचे.

पहिल्या खेपेला फजिती झाली. उस्तादांचा हात असा की त्यांनी रेघ मारली तर पट्टीनं लाजावं. ठिपके जरा इकडेतिकडे असले तर ती यंत्राची चूक, असं धरून त्यांनी सगळ्या रेघा सरळसोट मारून टाकल्या. गॉगलबाई रस्त्यापलीकडे जाऊन बघून आली आणि म्हणाली, हे चित्र आहे की दुकानाची पाटी? रेघेतला जीव गेला, पुसा सगळं. मग तिनं उस्तादांना भिंगाखाली कार्ड दाखवलं. म्हणाली, ही बघा, ही थरथर मला हवी आहे, हीच तर बाईंची खुबी. झालं. पक्क्या हाताची ती माणसं गोदामाच्या भिंतीवर हात कापवायचा सराव करायला लागली. एक डाव्या हातानं काढून बघतोय, दुसरा शेजाऱ्याला म्हणतोय, माझं कोपर जरा हलव रे. एकजण तर मुद्दाम सकाळी न खाता आला, हात लटपटावा म्हणून. मी तिथेच बसले होते, त्यांच्यासोबत चहा पीत, पोट धरून हसत. मला वाटलं, माझ्या वयाची थट्टा चाललीय, चालू दे. तेव्हा मी भिंगातून बघितलं नव्हतं. मला तुकडे दिसत होते, आणि तुकड्यांवरून काही कळत नाही.

पेपरात आलेलं कात्रण तुला जावईबापूंनी दाखवलंच असेल, 'श्वास घेणारी रेघ' वगैरे. खाली माझा फोटो, तोंड अर्धवट उघडं. गॉगलबाईचं म्हणणं, बाईंची रेघ कापते कारण त्यांनी आयुष्य पाहिलंय. म्हटलं, आयुष्य तर समोरच्या काकूंनीही पाहिलंय, त्यांच्या रांगोळीच्या रेघा फुटपट्टीसारख्या असतात. तू फोनवर खळखळून हसली होतीस यावर. मग चादरीचा खालचा भाग झाला, परांची निघाली आणि उस्तादांनी निरोप धाडला की बाईंनी जवळून येऊन बघावं. मी नटूनथटून गेले. तो दिवस माझ्या कायम लक्षात राहणार आहे, पण त्यांना वाटतं त्या कारणासाठी नाही.

जवळ उभं राहिलं की चित्र दिसतच नाही, ढब्बू. नुसत्या चुण्या. एकेक चुणी माझ्या दंडाएवढी जाड, वर कुठेतरी आभाळात गेलेली. मी त्यातल्या एकीवर बोट ठेवलं आणि हात पुरेल तिथवर तिच्या कडेनं वर नेलं. बोट आत गेलं, बाहेर आलं. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. तेवढ्याच अंतरानं, तेवढ्याच खोलीची लाट. शेजारच्या चुणीवर ठेवलं, तेच. कापडाची चुणी अशी पडत नाही, तुला सांगायला नको, तू शिंप्याची मुलगी. मी तिथेच फुटपाथवर बसकण मारली. उस्ताद धावत पाणी घेऊन आले. म्हणाले, होतं असं ताई, आपलं काम एवढं मोठं बघितलं की भल्याभल्यांचे पाय लटपटतात. मी मान हलवली. त्यांना काय सांगणार होते? मी ती लाट ओळखली होती. तशी रेघ मी याआधी एकाच माणसाच्या हातची बघितली आहे.

तू शाळेत होतीस. बाबांनी करड्या कापडावर पँट आखली होती, कमरेपासून पायापर्यंत खडूची एक लांब रेघ. मी इस्त्रीची घडी घेऊन आले आणि सहज बघितलं तर रेघेला लाटा. मी म्हटलं, अहो, आज काय नदी काढलीत? तेही हसले. म्हणाले, टेबल हलतंय. टेबलाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. मग म्हणाले, खडू खराब. नवा आणला. मग पट्टी लावायला लागले, ज्या माणसानं उभ्या जन्मात पट्टी लावली नव्हती तो. आणि एक दिवस मी दारातून बघितलं, ते डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून रेघ मारत होते. मी मागे फिरले, स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच डबे पुसत बसले. पुढचं तू स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंस. शर्टाची बटणं, चमचा, जिना, मग बोलणं. त्यांच्या आईचा हात हलायचा ते वय झालं म्हणून, काकांची चाल लटपटायची ते पितात म्हणून, असं घराण्यात सगळ्यांचं वाटून ठेवलेलं उत्तर होतं. त्या मोठ्या डॉक्टरांनी ते सगळं एका वाक्यात उलगडलं, हा एकच आजार, रक्तातून आलेला. आणि दुसऱ्या वाक्यात सांगितलं की मुलांमध्ये उतरायची शक्यता निम्मी. तेव्हापासून आपल्या घरात त्याला 'ती गोष्ट' म्हणतात. तपासणी करायची नाही, हे तू मोठी झाल्यावर तूच ठरवलंस. दिसेपर्यंत मी मोकळी जगणार, म्हणालीस. मला ते पटलं होतं. आजही पटतं.

तर फुटपाथवरून उठून मी घरी कशी आले मला आठवत नाही. कुलूप उघडताना एकच विचार डोक्यात होता, आणि तो ऐकून तू म्हणशील, आई वेडी झाली. मी म्हणत होते, देवा, तो माझाच हात असू दे. मी त्या घराण्यात जन्मलेली नाही, मला ती गोष्ट होणं शक्य नाही, हे मला कळतं. पण हात कापायला काय, माणसाला शंभर कारणं असतात. वय आहे, साखर आहे, रक्त कमी आहे. काहीही चाललं असतं. मी चप्पल न काढता टेबलाशी बसले, टाक घेतला, शाई घेतली, कोरं कार्ड घेतलं आणि वरपासून खालपर्यंत रेघ मारली. मग भिंग लावलं.

सरळ. मी दुसरी मारली, तीही सरळ. म्हटलं, बसलेय म्हणून असेल. जिना खालीवर करून आले, धापा टाकत मारली. थोडी जाडबारीक झाली, पण लाट नाही. संध्याकाळपर्यंत न जेवता मारली, त्या रंगाऱ्यासारखी. गार पाण्यात हात बुडवून मारली. डोळे मिटून मारली. अख्खं कार्ड भरलं, दुसरं भरलं. जन्मभर मी माझ्या रेघेला नावं ठेवत आले, पण त्या दिवशी एकेक रेघ अशी देखणी उतरत होती की मला स्वतःच्या हाताचा राग आला. अशी रेघ मला एरवी कधी जमली असती तर मी गल्लीभर पेढे वाटले असते. आणि तिथे मी भिंग डोळ्याला लावून एखादी तरी लाट सापडते का बघत होते, हरवलेली सुई शोधावी तशी. सापडली नाही. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा भिंतीपाशी गेले. यावेळी रस्त्यापलीकडे, लांब उभी राहिले, सगळं एकत्र दिसेल असं. गच्चीचा कठडा, सरळ. खिडक्यांच्या चौकटी, सरळ. बाईचे दंड, तिचे केस, मांजराच्या मिशा, सगळं माझं, सगळं जिथल्या तिथे. लाट फक्त चादरीत. गॉगलबाई म्हणते त्यात खोट नाही, लांबून ती खरंच वाऱ्यावर हलल्यासारखी दिसते. शाळेत जाणारी मुलं थांबून मान वर करून बघतात. एक आजोबा मला म्हणाले, आत्ता अंगावर पडेल असं वाटतं. मी म्हटलं, हो ना, मलाही.

तू इथवर वाचलंस म्हणजे तुला केव्हाच कळलं असणार. मला चुण्या काढायचा कंटाळा, तुला माहीत आहे. त्या दुपारी मी बाई काढली, मांजर काढलं आणि म्हटलं, शिंप्याची लेक आहेस, कापड कसं पडतं ते तुला माझ्यापेक्षा कळतं, हे तूच संपव. मी दूध बघायला आत गेले. परत आले तोवर तू कार्डावर वाकून, जीभ दाताखाली धरून, सगळी चादर खालपर्यंत आणली होतीस. किती सुंदर पडली होती! मी तुझ्या डोक्यावर टपली मारली. कार्डावर सही मी केली. आता ती सही खाली कोपऱ्यात आहे, माणसाएवढी, आणि वर सगळीकडे तू.

मी स्वतःची समजूत काढायची शिकस्त केली, खरंच सांगते. थंडी होती का? नव्हती, पंखा चालू होता. टाकाचं टोक झिजलं असेल? त्याच टाकानं मी कार्डं भरली. हसत होतीस म्हणून हात हलला असेल? हसणं असं एका मापात येत नाही, ढब्बू. मग मला त्याच भेटीतलं बाकीचंही आठवायला लागलं आणि ते थांबेना. सुईत दोरा तू मला ओवायला दिलास, आई, तुझे डोळे अजून चांगले आहेत म्हणून. कप भरून घेतला नाहीस, अर्धाच. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं. कदाचित खरंच काही नसेल. मी डॉक्टर नाही, भीती बसली की माणसाला दोरीत साप दिसतो. पण मी खडूची ती रेघ बघितली आहे.

मग मी एक मूर्खपणा करायला निघाले. उस्तादांना गाठलं आणि म्हटलं, चादर चुकलीय, सरळ करा. त्यांचा चेहरा असा पडला! म्हणाले, ताई, माझी माणसं हात कापवायला शिकली हो तुमच्यासाठी, आता घरी चहा पितानाही त्यांचा हात हलतो. गॉगलबाईला फोन केला तर ती म्हणाली, उद्घाटनाच्या आधी सगळ्यांना असं होतं, गरम पाणी प्या आणि झोपा. पण उस्तादांना माझं तोंड बघून काय वाटलं कोण जाणे. त्यांनी मला पाळण्यात घेतलं, कमरेला पट्टा बांधला, हातात पांढऱ्या रंगाचा ब्रश दिला. म्हणाले, चित्र तुमचं, जे खटकतं ते झाका, मी पुन्हा आखून देतो. आणि पाळणा वर निघाला. तुला माहीत आहे, मला स्टुलावर चढवत नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत मी डोळेच उघडले नाहीत. उघडले तर नाकासमोर चुणी. माझा ब्रशचा हात तेव्हा मात्र कापायला लागला, भीतीनं, वेडावाकडा, कसाही. त्याची नि त्या रेघेची काही गाठ नव्हती. एक फटकारा पुरला असता. मी ब्रश टेकवणार, तेवढ्यात मला शनिवार दिसला. तू रिक्षातून उतरतेस, मान वर करतेस, चादर अगदी सरळ, तू टाळ्या वाजवतेस. आणि तुझ्या शेजारी मी उभी, सगळं माहीत असलेली, हसणारी. मला त्या उंचीपेक्षा त्याची जास्त भीती वाटली. उस्तादांना म्हटलं, खाली घ्या. त्यांनी ब्रश माझ्या हातातून काढून घेतला आणि पाळणा खाली सोडला.

आता ते सांगते ज्यासाठी कागद घेतला. बाबा गेल्यावर आपण दोघी दुकानातली अर्धवट शिवलेली कापडं आवरत होतो, तेव्हा तू पाठमोरी उभी राहून म्हणाली होतीस, आई, माझ्यात कधी काही दिसलं तर ते डॉक्टरच्या आधी तू मला सांगायचंस. लपवायचं नाही, गोल गोल बोलायचं नाही, आणि सांगताना रडायचं नाही. मी हो म्हटलं होतं. मग इतकी वर्षं आपण त्यावर बोललो नाही. मी ते विसरून जायचा खूप प्रयत्न केला आणि भिंतीचं निघाल्यापासून बहुतेक विसरलेही होते. पण परवा तू फोनवर, आवाज बारीक करून, म्हणालीस की आम्ही दोघांनी ठरवलंय, आता घरात मूल हवं. मी "अरे वा" म्हणाले आणि माझा आवाज घशातच बसला, तो तू ऐकलास, आणि आनंदानं बसला असं समजून हसलीस. तसंच समजत राहिली असतीस तर मला किती बरं वाटलं असतं! पण हे माहीत नसताना तू ते ठरवायचं, हे मला गिळवत नाही. काय करायचं, तपासायचं की नाही, मूल आणायचं की नाही, हे तुझं आणि त्यांचं. मी एका शब्दानं मध्ये पडणार नाही. फक्त ठरवताना तुला माहीत असायला हवं, म्हणून सांगते: ढब्बू, मला दिसलं. भिंत बघायला आली नाहीस तरी चालेल, उद्घाटन माझ्याविना होऊ दे, गॉगलबाई भाषणाला समर्थ आहे. पण घरी ये. हे वाचून फोन करावासा वाटला नाही तर करू नकोस, सरळ ये, मी दाराला कडी लावणार नाही. मला इतकी भीती बाबांच्या वेळीही वाटली नव्हती, कारण तेव्हा पुढे काय आहे ते माहीत नव्हतं. तुला दिलेल्या शब्दातलं गोल गोल न बोलणं मला जमलं नाही, ते तू बघितलंसच. लपवलं मात्र नाही. आणि रडायचं अजून थांबवून धरलंय, तू येईपर्यंत.

तुझीच,
आई